प्रोटॉनला चालक नको, वाहक हवा

एका वाचकाने विचारलं आहे: 'स्वच्छ ऊर्जेसाठी प्रोटॉन चालक क्रिस्टलीय पदार्थ' असा मथळा वाचनात आला, खाली मजकुरात कुठे 'इंधन सेल' होतं, कुठे 'इंधन पेशी'. हे शुद्ध मराठीत कसं लिहायचं?

शुद्धाचं राहू द्या, नुसतं मराठीत लिहिलं तरी पुष्कळ झालं. हा मथळा हिंदीवरून उचललेला दिसतो. वीज किंवा उष्णता जाऊ देणारा पदार्थ हिंदीत 'चालक', त्यावरून सुचालक, अर्धचालक. आपण शाळेत घोकलं ते 'तांबे उष्णतेचे सुवाहक, लाकूड दुर्वाहक'. मराठीत चालक म्हटलं की स्टिअरिंगवर बसलेला माणूसच डोळ्यांसमोर येतो. तिकीट फाडणारा तो वाहक, एसटीत त्याची राखीव जागासुद्धा असते. म्हणजे बसमधला कंडक्टर आणि तांब्याची तार, दोघांना आपण एकच शब्द दिला. तेव्हा 'प्रोटॉनवाहक', आणि तोही जोडून. काही जण 'संवाहक' लिहितात. चालेल, पण जुन्या संस्कृतात संवाहक म्हणजे अंग रगडून देणारा, त्यामुळे मला तो शब्द वाचताना उगाच तेलाचा वास येतो.

जोडून लिहिण्याचा आग्रह का, तर हा पदार्थ सगळ्याचा वाहक नसतो. मथळ्याखालचा 'इंधन सेल' म्हणजे हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्यापासून वीज करणारं साधन. त्यात हायड्रोजनचे प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन वेगळे होतात, आणि मधे हा पदार्थ असतो. त्यातून प्रोटॉन जायला हवा आणि इलेक्ट्रॉन अजिबात जाता कामा नये. इलेक्ट्रॉनला बाहेरच्या तारेने वळसा घालायला लावायचं, त्या वळशातच आपली वीज. सुट्या 'वाहक'मधून हे कळत नाही.

आता खरी गंमत 'वाहणे' या क्रियापदात आहे. नदी वाहते, हमाल ओझं वाहतो, आपण देवाला बेल वाहतो. प्रोटॉनवाहक यातलं काय करतो? एक तऱ्हा हमालाची: प्रोटॉन पाण्याच्या रेणूला चिकटतो आणि तो रेणूच त्याला घेऊन सरकतो. दुसरी तऱ्हा स्लॅबच्या दिवसाची. आमच्या गल्लीत स्लॅब पडायचा तेव्हा मिक्सरपासून वरपर्यंत माणसांची रांग लागायची. डावीकडून घमेलं घ्यायचं, कमरेत वळायचं, उजवीकडे द्यायचं. जागा कुणीच सोडत नसे, माल मात्र वर पोचायचा. प्रोटॉनही असाच हातोहात जातो. फरक इतकाच, की या टोकाला शिरलेला प्रोटॉन आणि त्या टोकाला निघालेला प्रोटॉन एकच असतो असं नाही. पाण्यातल्या विजेसाठी अशा साखळीची कल्पना थिओडोर फॉन ग्रोटहुस या रसायनशास्त्रज्ञाने १८०६ साली, वयाच्या एकविशीत मांडली. 'प्रोटॉन' हे नाव रुदरफोर्डने दिलं ते १९२० मध्ये!

पुण्यात २०२२ च्या ऑगस्टमध्ये केपीआयटी ही कंपनी आणि सीएसआयआर ही सरकारी संशोधन संस्था यांची हायड्रोजनवर चालणारी बस दाखवली गेली. तिच्यासारख्या गाड्यांत प्रोटॉनवाहक म्हणून बहुवारिकाचा (पॉलिमरचा) पातळ पडदा असतो, आणि तो ओला राहावा लागतो. पाणी आलं म्हणजे शंभर अंशांच्या खाली राहणं आलं. ही अट नको म्हणून स्फटिकांचा शोध. अमेरिकेतल्या कॅलटेक विद्यापीठात सोसिना हाइले आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये सीझियम हायड्रोजन सल्फेट हा घन आम्लाचा स्फटिक वापरून दाखवला. साधारण १४१ अंश सेल्सिअसला त्यातले सल्फेट गट जागच्या जागी गरागरा फिरू लागतात आणि वाहकता एकदम हजार पटींहून जास्त वाढते. स्लॅबवरच्या माणसांचं कमरेतलं वळणं हेच. वळता आलं नाही तर घमेलं हातातच राहतं. या पठ्ठ्याची खोड अशी, की पाणी लागलं की विरघळतो, आणि इंधनघटात, म्हणजे त्या 'इंधन सेल'मध्ये, तर पाणीच तयार होतं. शिवाय तिथल्या हायड्रोजनमुळे त्यातलं सल्फेट बिघडून हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो, म्हणून पुढे फॉस्फेटकडे वळावं लागलं.

'क्रिस्टलीय'ऐवजी 'स्फटिकी'. स्फटिक म्हटलं की आपल्याला जपमाळेतले पारदर्शक मणी आठवतात, पाणीही 'स्फटिकासारखं' नितळ असतं. इथे पारदर्शकतेचा काही संबंध नाही. आत कणांची रचना ठरावीक घडणीने पुन्हा पुन्हा आली की झाला स्फटिक. तुरटी, खडीसाखर, मीठ सगळे त्यातलेच. प्रयोगशाळेत तर बहुधा पांढरी पूड दाबून केलेली चकती असते, डोकेदुखीच्या गोळीसारखी.

राहिला सेल. पेशी सजीवांची, तिला इंधनाशी जोडू नका. शाळेतला कोरडा विद्युतघट आठवा, त्याच घराण्यातला हा 'इंधनघट'. पण इथेही तोडून लिहाल तर फसाल. 'इंधन घट' असं सुटं वाचलं की पेट्रोलचा साठा कमी झाल्याची बातमी वाटते, कारण कमी होणं ती घट स्त्रीलिंगी आणि मडकं तो घट पुल्लिंगी. म्हणून 'इंधनघट बंद पडला' लिहा. 'पडली' लिहिलंत तर पंपावर रांग लागेल.