ट्रॉली जॅक: वाचकांचे प्रश्न

जॅकवर उचलून ठेवलेली गाडी अर्ध्या तासात दोन बोटं खाली येते. तेल बदलू का? (चिपळूण)

आधी तेल सोडायचा स्क्रू पूर्ण आवळलाय ना, ते बघा. आवळूनही जॅक उतरत असेल, तर आत गळती आहे. गाडीचा भार कोंडलेल्या तेलावर असतो आणि ते तेल अडवतात रबरी सील आणि स्टीलची बारीक गोळी. गेल्या पावसाळ्यात एक जॅक खोलला, तर गोळीखाली खसखशीच्या दाण्याएवढा लोखंडाचा कीस निघाला. तेवढ्यानं गाडी उतरत होती.

पण गाडी अर्धा तास नुसत्या जॅकवर ठेवलीच का? जॅक उचलण्यापुरता. उचलली की कंपनीनं दाखवलेल्या जागी दोन्ही बाजूंना स्टँड लावा, गाडी त्यांवर टेकवा, हातानं हलवून बघा, मगच खाली शिरा. विटा, सिमेंटचे ब्लॉक अजिबात नकोत. ते भाराखाली वाकत नाहीत, एकदम फुटतात.

अंगणात मातीवर उचलताना गाडी जॅकवरून सरकते. (लातूर)

जॅकचा हात सरळ वर जात नाही, कमानीसारखा फिरत वर जातो. म्हणून उचलताना जॅक स्वतः थोडा पुढे सरकायला हवा, त्यासाठीच त्याला चाकं आहेत. मातीत चाकं रुतली की जॅक जागीच राहतो आणि वरची वाटी गाडीखालून निसटते. फरशीवर किंवा काँक्रीटवर काम करा. नाइलाजच असेल, तर खाली जाड लोखंडी प्लेट टाका. जमीन सपाट हवी. जे टोक उचलायचं, त्याच्या विरुद्ध टोकाच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा. बहुतेक गाड्यांचा हँडब्रेक मागच्या चाकांवर असतो, त्यामुळे मागची बाजू उचललीत की त्याचा आधार संपला.

तेल कमी होतं म्हणून ब्रेक ऑइल घातलं. चालेल? (सांगली)

नाही. जॅकचे सील साधारणपणे खनिज तेलासाठी बनवलेले असतात, ब्रेक ऑइलनं ते फुगून मऊ पडतात. सगळं काढा, जॅकच्या तेलानं आतून धुवून घ्या. तरी गळला, तर सील किट बदला. नवं तेल जॅक पूर्ण खाली असताना भरा, नाहीतर जादा होतं. मग जॅकवर भार नसताना स्क्रू सैल करून दांडा दहा-पंधरा वेळा भराभर मारा, अडकलेली हवा निघते. स्क्रू आवळून जॅक रिकामाच पूर्ण वर चढतो का बघा.

इनोव्हा क्रिस्टाला दोन टनी जॅक पुरेल? (नाशिक)

रिकामी गाडीच सुमारे १,८०० किलोची. एक टोक उचलताना सगळं वजन जॅकवर येत नाही हे खरं, तरी मी तीन टनीच घ्यायला सांगेन. आणि दांड्याला पाइप जोडून जोर लावू नका, जॅक जड जातोय म्हणजे काहीतरी चुकतंय.

जॅक ठेवायचा कसा? (मालवण)

पूर्ण खाली करून, म्हणजे तेलाच्या दाबानं बाहेर येणारी चकचकीत दांडी आत राहते आणि खाऱ्या हवेनं गंजत नाही. चाकांना आणि सांध्यांना ग्रीस लावा.