वाचक विचारतात : डिसेंबरात स्टॉकहोम पायी फिरायला जमेल का?

प्रश्न : ताई, माझा मुलगा नोकरीसाठी स्टॉकहोमला आहे. मी आणि माझ्या सासूबाई (वय ६८) १८ ते २८ डिसेंबर तिकडे चाललोय. सासूबाई रोज सकाळी तलावपाळीला दोन फेऱ्या मारतात पण थंडीची सवय अजिबात नाही. मुलगा म्हणतो पायीच फिरू, हे म्हणतात बसने फिरा. काय करावं?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : पायीच फिरा हो, खरंच. जुनं शहर म्हणजे गामला स्तान, ते एक छोटंसं बेट आहे, या टोकापासून त्या टोकापर्यंत पंधरा-वीस मिनिटांत चालून होतं, आणि तिथल्या गल्ल्या अशा आहेत की बसमधून काही दिसतच नाही. एक गल्ली तर सगळ्यात अरुंद जागी फक्त ९० सेंटीमीटर रुंद आहे, मॉर्टन ट्रोट्सिग नावाच्या व्यापाऱ्याच्या नावाची, पण तिला ३६ पायऱ्या आहेत, तेव्हा सासूबाईंना खालूनच दाखवा.

थंडीपेक्षा जास्त काळजी घ्यायची ती पायाखालची. मी गेले तेव्हा इथलेच स्पोर्ट शूज घातले होते, दुसऱ्याच दिवशी उतारावर घसरले आणि मनगट महिनाभर दुखत होतं. बर्फ वितळून रात्री परत गोठतो आणि काचेसारखा होतो. फुटपाथवर बारीक खडी टाकतात तिथूनच चाला आणि बुटाला खालून अडकवायचे खिळेवाले रबरी पट्टे मिळतात, ते मुलाला आधीच आणून ठेवायला सांगा. आणि भिंतीलगत फुटपाथ अडवलेला दिसला तर वळसा घालून जा, वर छपरावरून बर्फ पडत असतो.

उजेड फार थोडा असतो, पावणेनऊला सूर्य उगवतो आणि पावणेतीनला मावळतो पण! म्हणून वासा म्युझियम वगैरे सकाळी करून घ्या (१६२८ मध्ये पहिल्याच सफरीत बुडालेलं अख्खं जहाज आहे, १९६१ मध्ये वर काढलं, सासूबाईंना नक्की आवडेल, २४ आणि २५ ला बंद असतं), आणि गामला स्तान मात्र मुद्दाम अंधार पडल्यावरच ठेवा. अंधार झाला की हॉटेलवर परत यायचं हा आपला हिशोब तिथे सोडून द्या. प्रत्येक खिडकीत कागदाची चांदणी नाहीतर सात दिव्यांची छोटी कमान लावलेली असते, आपल्या आकाशकंदिलासारखीच, फक्त घराच्या आत. मी एका गल्लीत नुसती उभी राहून बघत होते, आणि खरं सांगते, दिवाळीत नौपाड्यातून चालल्यासारखं वाटलं.

स्तूर्तोरयेत चौकातला ख्रिसमस बाजार २३ पर्यंत उरकून घ्या. तिथे लुसेकात घ्या, केशर घातलेला पिवळाधम्मक पाव, इंग्रजी एस सारखा वळवलेला आणि दोन्ही टोकांच्या वेटोळ्यात एकेक मनुका. सासूबाई अंडं खात नसतील तर आधी विचारा, वरून बऱ्याचदा अंडं लावलेलं असतं. सोबत गरम ग्लोग, म्हणजे मसाले घातलेली वाइन, त्यात बदाम आणि मनुका टाकतात, बिनदारूचा पण मिळतो, मागताना तसं स्पष्ट सांगा.

दर चाळीस मिनिटांनी कुठल्यातरी कॅफेत शिरून ऊब घ्या म्हणजे गुडघे कुरकुरणार नाहीत. तिथला खरा सण २४ चा, दुपारनंतर दुकानं पटापट बंद होतात आणि २५, २६ सुट्टी, म्हणून दूध, भाजी, सासूबाईंची औषधं २३ लाच घरात भरून ठेवा.