वाचकांचे प्रश्न: रिकंबंट सायकलवर तोल कसा साधावा?

प्रश्न: साधी सायकल मला उत्तम येते, मात्र पाठ टेकून, पाय पुढे ठेवून चालवायच्या दुचाकी रिकंबंटवर बसताच हँडल डगमगते. असे का होते?

उत्तर: साध्या सायकलवर आपण कंबर आणि खांदे हलवून नकळत तोल सावरतो, रिकंबंटवर पाठ आसनाला टेकलेली असल्यामुळे ते काम बहुतांशी हँडलवर येते, आणि भीतीने मूठ आवळली की डगमग आणखी वाढते. म्हणून खांदे सैल सोडावेत आणि नजर लांब ठेवावी.

मोकळ्या, किंचित उताराच्या डांबरी जागेवर हलक्या गिअरमध्ये सुरुवात करावी. एक पाय जमिनीवर ठेवून दुसऱ्या पायाचे पेडल वर आणावे आणि पाठ मुळीच न उचलता ते जोराने पुढे रेटावे, कारण वेग मिळाल्याखेरीज तोल साधत नाही. धावत्या सायकलवरून पाय खाली टेकवणे मात्र कटाक्षाने टाळावे. तो आसनाखाली ओढला जाऊन घोट्याला गंभीर इजा होऊ शकते. आधी ब्रेक, मग पाय. पाय अडकवणारी पेडले सध्या नकोतच. चढावर पेडलवर उभे राहता येत नाही, त्यामुळे गिअर वेळेआधीच हलका करावा.