बाईकचा मागचा एक्सल आणि बोल्ट घरीच बदलता येतात का? हार्डवेअरच्या दुकानातला बोल्ट चालतो का?

तुम्ही लिहिलंय की १२५ सीसीची ड्रम ब्रेकवाली गाडी आहे, मागच्या एक्सलच्या नटाचे आटे गेलेत, एक्सल गंजून चाकात बसलाय आणि स्पेअरवाला म्हणतो थांबा मागवतो, तर शेजारचा हार्डवेअरवाला त्याच जाडीचा लांब बोल्ट आत्ता द्यायला तयार आहे. घरी बदलता येईल का, तर हो, नक्की येईल, दोन चांगले पाने आणि अर्धा दिवस असेल तर हे काम घरचंच आहे. हार्डवेअरचा बोल्ट एक्सल म्हणून चालेल का, तर नाही, दोन दिवस गाडी उभी ठेवा पण तो लावू नका.

कारण सांगतो. आपल्याला वाटतं एक्सल म्हणजे नुसती दांडी, चाक तिच्यावर फिरतं. पण चाक बेरिंगवर फिरतं, एक्सल फिरतच नाही. एक्सलचं खरं काम दाबून धरायचं आहे. चिमट्याची (मागचं चाक दोन्ही बाजूंनी धरणारा फाटा, स्विंगआर्म) एक बाजू, मग बुश, बेरिंगची आतली रिंग, हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) आतला डिस्टन्स पीस, म्हणजे दोन बेरिंगमधलं अंतर राखणारी नळी, दुसरी बेरिंग, ब्रेक प्लेट, चिमट्याची दुसरी बाजू, हे सगळं हातातल्या बांगड्यांसारखं एक्सलवर ओवलेलं असतं आणि नट आवळला की एकमेकांवर घट्ट दाबलं जाऊन एकच ठोकळा होतो. तो दाब आहे तोपर्यंत खड्ड्यातला मार सगळ्या ठोकळ्याला मिळून बसतो. दाब सुटला की तोच मार एकट्या एक्सलवर आणि आट्यांवर येतो, एक्सल वाकतो, चिमट्याचं भोक मोठं होतं. आणि हा दाब यायचा तर एक्सल थोडासा ताणला जाऊन परत आखडायचा प्रयत्न करणारा हवा, मऊ लोखंडाचा बोल्ट ताणला की ताणलेलाच राहतो.

म्हणून बोल्टच्या डोक्यावरचा आकडा बघायची सवय लावा. ८.८ लिहिलं असेल तर पहिला ८ म्हणजे तुटायची ताकद साधारण ८०० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर, आणि दशांशानंतरचा ८ म्हणजे त्याच्या ८० टक्क्यांवर, म्हणजे ६४० ला, तो कायमचा ताणला जायला लागतो. १०.९ असेल तर १००० आणि ९००. हार्डवेअरच्या दुकानात ग्रिल-गेटसाठी जे बोल्ट किलोवर मिळतात त्यांच्यावर बरेचदा काहीच आकडा नसतो, किंवा ४.६ असतो, म्हणजे ४०० आणि २४०. जाडी तीच, चमक तीच, ताकद निम्मी. स्टेनलेसचंही तेच, कोकणात खाऱ्या हवेमुळे लोक हौसेने सगळे बोल्ट स्टेनलेसचे करून घेतात, नंबर प्लेटला आणि मडगार्डला खुशाल लावा, पण नेहमीचा ए२-७० स्टेनलेस ४५० लाच ताणला जातो, म्हणजे ८.८ पेक्षा बराच कमी, आणि वर स्टेनलेसवर स्टेनलेस आवळताना आटे एकमेकांत जाम होऊन बसतात. ब्रेक, एक्सल, स्प्रॉकेट, कॅलिपर इथे तो नको.

लेथवाल्याकडून एक्सल बनवून घ्यायचा सल्लाही कोणीतरी देईलच. माप तो अगदी बरोबर काढेल, पण सळई कुठली आणि तिला उष्णता देऊन कडक केलंय का हे कोणाला माहीत नसतं. तुमच्याच मॉडेलचा कंपनीचा एक्सल घ्या, सोबत नवा नट, वॉशर आणि स्प्लिट पिनसुद्धा (नट-बोल्ट सुटू नये म्हणून भोकातून घालून टोकं वाकवायची पिन). पुण्यात असाल तर नाना पेठेत जा, जुना एक्सल हातात घेऊनच जा. काउंटरवर दोन्ही शेजारी शेजारी ठेवा, पूर्ण लांबी आणि आटे नसलेल्या भागाची लांबी वेगवेगळी बघा. मग आटे जुळवा: जुन्या एक्सलचा चांगला उरलेला भाग नव्याच्या आट्यांवर आडवा टेकवा आणि उजेडाकडे धरा, आटे एकमेकांत बसले आणि मधून उजेड दिसला नाही तर पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, तीच. हे मी एवढं लांबण लावून सांगतोय कारण १२ एमएमच्या आट्यात १.२५, १.५ आणि १.७५ अशा तीन पिच सर्रास मिळतात आणि चुकीचा नट दोन-तीन फेरे हाताने छान जातो, मग अडतो, आणि मग माणूस पाना लावून पुढे रेटतो, तिथेच आट्यांचं वाटोळं होतं. नवा नट नव्या एक्सलवर बोटांनी शेवटपर्यंत जायला हवा. जात नसेल तर घेऊ नका.

जाडीबद्दल शंका असेल तर बेरिंगचा नंबर बघा. ६२०१, ६३०१ असं ०१ ने संपत असेल तर आतलं भोक १२ एमएम, ०० असेल तर १०, ०२ असेल तर १५, ०३ असेल तर १७.

आता जुना काढायचा. आदल्या रात्री दोन्ही टोकं वायर ब्रशने घासून गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा, डब्ल्यूडी-४० असेल तरी चालेल, सकाळी परत मारा. डबल स्टँडवर गाडी घ्या, ब्रेक रॉडचा नट काढून रॉड मोकळा करा, आणि ब्रेक प्लेटपासून चिमट्याकडे जाणारी जी पट्टी असते, टॉर्क आर्म, तिचा बोल्ट काढा. चेन ॲडजस्टर सैल करा पण किती फेरे ते लिहून ठेवा. एक्सलचं डोकं एका पान्याने धरून दुसऱ्याने नट सोडायचा, रिंग पाना किंवा सॉकेटच वापरा, पोपट पान्याने नटाचे कोपरे जातात. नट सुटला की पूर्ण काढू नका, एक्सलच्या टोकाशी सपाट येईल इतकाच ठेवा आणि नायलॉनच्या हातोडीने किंवा मध्ये लाकूड धरून ठोका, कारण उघड्या टोकावर लोखंडी हातोडी मारली की टोक पसरतं आणि मग ते बेरिंगमधून बाहेर येतच नाही. चाकाखाली लाकडाची फळी सरकवून वजन उचललेलं ठेवा, अर्धा हट्ट तिथेच सुटतो. काही गाड्यांत चेनच्या बाजूला स्लीव्ह नट असतो, त्यामुळे चाक निघालं तरी स्प्रॉकेट जागेवर राहतं, तो उगाच सोडू नका.

चाक बाहेर आलं की प्रत्येक बुश कुठल्या बाजूचा, कुठलं तोंड आत, याचा मोबाईलवर फोटो काढा. बेरिंग बोटाने फिरवा, खरखर लागली तर आत्ताच बदला, आणि बदलताना दोन बेरिंगच्या मधला डिस्टन्स पीस परत आत गेलाय याची खात्री करा. तो राहिला तर नट आवळल्यावर बेरिंगच्या आतल्या रिंगा आत ओढल्या जातात आणि नवी बेरिंगसुद्धा लवकरच बोंबलते. नवा एक्सलही काचेच्या टेबलावर लोळवून बघा, खाली उजेडाची फट कमी-जास्त होत असेल तर तो वाकडा आहे, बऱ्याच मॅन्युअलमध्ये ०.२ एमएमच्या वर वाकडेपणा चालत नाही.

बसवताना एक्सलच्या गुळगुळीत भागाला ग्रीसचा पातळ हात फिरवा, म्हणजे पुढच्या पावसाळ्यानंतर हीच कुस्ती नको. आटे मात्र पुसून कोरडे ठेवा. नट आवळायला आपण जो जोर लावतो त्यातला साधारण नव्वद टक्के घर्षणात जातो, दाबायच्या कामाला जेमतेम दहा टक्के उरतो, मॅन्युअलमधला टॉर्कचा, म्हणजे किती आवळायचं त्याचा, आकडा बहुतेक वेळा कोरडे आटे धरून दिलेला असतो, तेल लागलं की घर्षण कमी होऊन तेवढ्याच जोरात एक्सल कितीतरी जास्त ताणला जातो. टॉर्क पाना भाड्याने किंवा मित्राकडून मिळाला तर उत्तम. नसेलच तर हिशोब असा, २० सेंटीमीटर लांब पान्याच्या टोकाला ३० किलोचा जोर म्हणजे जवळपास ६० न्यूटन मीटर, आता तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा आणि त्या अंदाजाने लावा, पान्यावर पाइप घालून लोंबकळू नका.

ब्रेक रॉड परत जोडा आणि शेवटचं आवळताना कोणाला तरी ब्रेक पूर्ण दाबून धरायला सांगा, ब्रेक शू ड्रमच्या मधोमध बसतात आणि नंतर ब्रेक घासत नाही. मग टॉर्क आर्म. याबद्दल मला फार कळकळीने सांगायचंय, कारण लोक एक्सलकडे बघतात आणि हा छोटा बोल्ट कुठलाही लावून देतात. ब्रेक मारला की चाक ब्रेक प्लेटला स्वतःबरोबर फिरवायला बघतं, तिला धरून ठेवणारी ही एकच पट्टी आहे. तो बोल्ट गळून पडला तर प्लेट गरकन फिरते, रॉड वाकतो, चाक जाम होतं, आणि हे सगळं ब्रेक मारतानाच होतं. तिथे ओरिजिनल बोल्ट आणि नवी स्प्लिट पिन, जुनी सरळ करून परत नाही. दहा रुपयांची पण नाही ती.

जपानी वळणाच्या गाड्यांत ८ एमएमच्या बोल्टचं डोकं बहुतेक वेळा १२ च्या पान्याचं असतं, बाजारातल्याचं १३ चं. तुमच्या गाडीत अशा जागी १३ चा पाना लागला तर आधी कोणीतरी बाहेरचा बोल्ट मारलाय असं समजा आणि त्याच्या डोक्यावरचा आकडा वाचा. इंजिनच्या कव्हरचे ६ एमएमचे बोल्ट साधारण १० न्यूटन मीटरलाच घ्यायचे असतात, ॲल्युमिनियममधले आटे क्षणात जातात.

झाल्यावर चेनचा सैलपणा परत मोजा, नट आणि एक्सलवर मिळून पेंटची एक रेघ मारा, जवळपास चक्कर मारून या आणि हबच्या जवळ हात नेऊन बघा, चटका बसण्याइतका गरम असेल तर ब्रेक धरतोय. शंभरेक किलोमीटरनंतर रेघ सरकली का बघा. फक्त एक गोष्ट, जुना एक्सल काढल्यावर चिमट्याचं भोक वर-खाली लांबट झालेलं दिसलं (मागे-पुढे लांबट ते चेन ॲडजस्ट करायला मुळातच असतं), तर नवा एक्सल बसवून उपयोग नाही, तिथे चिमटाच बदलावा लागतो आणि ते मेकॅनिककडेच करून घ्या. भोकाचा फोटो टाकलात तर बघून सांगतो.