‘हा खेळ संपतो कधी?’

प्रश्न : मला स्नूकरचं वेड आहे, पण सोबतीला कुणी टिकत नाही. मित्र पूल उत्तम खेळतात. स्नूकरच्या टेबलावर आणले की पंधरा मिनिटांत फोन काढून बसतात. धाकट्या मेहुण्याने तर सरळ विचारलं, ‘हा खेळ संपतो कधी?’ बायको एकदाच आली. यांना गोडी कशी लावू?

उत्तर : मेहुण्याचा प्रश्न रास्त आहे. दोन नवख्यांनी पंधरा रेडची, म्हणजे लाल बॉलची, पूर्ण फ्रेम (एक डाव) मांडली तर तास सहज जातो, आणि त्यातला निम्मा वेळ खुर्चीत बसून दुसऱ्याचे हुकलेले शॉट बघण्यात. क्लबात मार्कर होतो तेव्हा गुण मांडायचे मला पैसे मिळायचे, तरी अशा फ्रेमला जांभई आवरत नसे. तुमच्या मित्रांना तर कुणी पैसेही देत नाही.

शिवाय पूलमध्ये हात बसलेल्या माणसाची इथे फजिती होते, आणि ती का होते हे त्याला कुणी सांगत नाही. नऊ फुटांच्या टेबलाची सवय असते, समोर येतं बारा फुटांचं. बॉल सत्तावन्न मिलिमीटरचा असतो, तो होतो साडेबावन्नचा. पण खरा घात पॉकेटचा. पूलच्या पॉकेटचं तोंड कोनात कापलेलं असतं. कुशनला, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेला, घासत आलेला बॉलही बऱ्याचदा आत जातो. स्नूकरच्या पॉकेटच्या कडा गोलाकार असतात. तसाच आलेला बॉल दोन्ही कडांवर खडखडतो आणि बाहेर येतो. हे पहिल्या शॉटच्या आधी सांगून टाका. चार बॉल हुकल्यावर सांगितलं तर ते सांत्वन वाटतं, आणि सांत्वन करून घ्यायला कुणी खेळायला येत नाही.

आता मांडणी. रेड कपाटातच राहू द्या. फक्त सहा कलर आपापल्या स्पॉटवर ठेवा आणि क्रमाने पॉट करायचे, म्हणजे पॉकेटात घालायचे : पिवळा, हिरवा, तपकिरी, निळा, गुलाबी, काळा. गुण दोनपासून सातपर्यंत, एकूण २७. रेडनंतर कलर, कलरनंतर पुन्हा रेड, कलर परत स्पॉटवर का ठेवायचा, असले प्रश्नच उरत नाहीत. डाव लवकर आटपतो आणि कोण किती मागे आहे ते बोटांवर मोजता येतं.

याचा मोठा फायदा वेगळाच आहे. सुरुवातीला पिवळा, हिरवा आणि तपकिरी एकाच रेषेत उभे असतात. कधीतरी ज्याने मारायचं तो पांढरा बॉल तपकिऱ्याच्या मागे जाऊन थांबतो आणि पिवळा दिसेनासा होतो. ज्याची पाळी त्याने पिवळ्यालाच आधी लागायला हवं, म्हणजे कुशनवरून फिरवून आणा. नाही लागला तर फाउल, समोरच्याला किमान चार गुण. म्हणजे एकही बॉल न घालता पिवळ्याच्या दुप्पट कमाई! पूल खेळणारा इथे खुर्चीतून उठतो, असा माझा अनुभव आहे. पुढच्या पाळीला तो मुद्दाम लपवायला बघतो. सेफ्टीवर, म्हणजे समोरच्याला सोपा शॉट न ठेवण्यावर, तुम्ही कितीही भाषणं द्या, हे एकदा झालेलं बरं.

मुद्दाम हरू नका, लगेच कळतं. त्याऐवजी उघडपणे स्टार्ट द्या, म्हणजे समोरच्याला आधीच काही गुण. सत्तावीसच्या डावात दहा गुण दिले की तुम्हालाही घाम फुटेल.

हे रुळलं की सहा रेड घ्या. पंधरा रेडच्या फ्रेममध्ये १४७चा कमाल ब्रेक (एकाच पाळीत सलग मिळवलेले गुण) असतो, सहामध्ये ७५चा; नवख्याला दोन्ही सारखेच दूर, पण फ्रेम मात्र आटोक्यात राहते. फ्री बॉल आणि मिस हे फाउलनंतरचे किचकट नियम बाजूला ठेवा. चौघे असाल तर जोड्या पाडा, मात्र एका ब्रेकमध्येही जोडीदारांनी एकाआड एक शॉट मारायचा. नेहमीच्या जोडीच्या खेळात चांगला खेळाडू टेबल अडवून बसतो आणि बाकीचे तिघे भिंत बघतात. इथे मेहुण्याने रेड घातला की पांढरा त्याने जिथे सोडला तिथूनच तुम्हाला कलर घालायचाय. तुमची तारांबळ पाहून तो नक्की खूश होईल.

आणि न विचारता शिकवू नका. ‘थोडा जाड लागला’ हे मारणाऱ्यालाही दिसलेलं असतं. प्रत्येक क्लबात असा एक सल्लागार असतोच. त्याच्या टेबलाकडे कोण फिरकतं ते पाहा.

बायकोचं म्हणाल, तर एकदा १९८५च्या जागतिक अंतिम सामन्याचा फक्त शेवटचा काळा बॉल दाखवा. स्टीव्ह डेव्हिस ८-० पुढे होता, डेनिस टेलरने १७-१७ अशी बरोबरी केली आणि निर्णायक फ्रेम शेवटच्या बॉलवर आली. मध्यरात्र उलटून गेली होती, ब्रिटनमध्ये एक कोटी ऐंशी लाखांहून जास्त लोक टीव्हीपुढे जागे होते, आणि दोघांनीही तो काळा चुकवला. अखेर टेलरने घातला. तेवढं पाहूनही त्या नकोच म्हणाल्या, तर विषय सोडा. नवऱ्याचा छंद बायकोला आवडलाच पाहिजे असा नियम नाही.

प्रश्न : दहा वर्षांच्या मुलीला शिकायचंय, पण तिचा हात पुरत नाही.

उत्तर : टेबल जेमतेम चौतीस इंच उंच असतं, त्यामुळे अडचण उंचीपेक्षा पल्ल्याची. आखूड क्यू (मारायची काठी) द्या आणि लांबच्या शॉटला क्यू टेकवायची काठी, म्हणजे रेस्ट, वापरायला पहिल्याच दिवशी शिकवा. मोठी माणसं रेस्टला उगीच कमीपणा मानतात. चार रेड मधल्या पॉकेटजवळ मांडा. शॉट मारताना एक पाय जमिनीवर हवा असा नियम आहे, पण तिच्यापुरता पायाखाली पाट चालेल. कलर स्पॉटवर ठेवणं आणि गुण मांडणं तिच्याकडे द्या. बॉल उडवायला मात्र शिकवू नका, कापड फाटतं.

प्रश्न : बिलियर्ड्स तर स्नूकरहूनही संथ. घरच्यांसमोर नाव काढावं का?

उत्तर : बघायला संथ, हे कबूल. १९९२ साली गीत सेठींनी जागतिक व्यावसायिक स्पर्धेत १२७६चा ब्रेक केला. तेवढा वेळ समोरच्याला फक्त बसायचं होतं. नवख्याला खेळायला मात्र हा खेळ स्नूकरपेक्षा सोपा जातो. तीनच बॉल. तुमचा बॉल दुसऱ्या दोन्ही बॉलना लागला की कॅनन, दोन गुण. रेडला लागून तुमचाच बॉल पॉकेटात गेला तर इन-ऑफ, तीन गुण. पूलमध्ये ज्याबद्दल दंड होतो, त्याचेच इथे गुण मिळतात, त्यामुळे अजाण माणसाचाही फळा हलता राहतो. पन्नास गुणांचा डाव ठरवा, वेळेची मर्यादा घाला, आणि सुरुवात इन-ऑफपासून करून द्या.