आडनाव बघून खोली नाकारू नकोस

अगं, मालवणात घराच्या दोन खोल्या पर्यटकांना द्यायचं ठरवलंस, छान. घरात म्हातारी सासू, शाळकरी मुलगी, तेव्हा भीती वाटणारच. पण आडनाव बघून किंवा एकटा पुरुष आहे म्हणून नकार दिल्याने घर सुरक्षित होत नाही, माणूस मात्र दुखावतो. पहिल्या वर्षी मी चार पोरांना दारातूनच परत पाठवलं होतं. भर पावसात, बॅगांमधून पाणी निथळत होतं त्यांच्या. अजून जीव तुटतो. एअरबीएनबी या घरं-खोल्या भाड्याने देणाऱ्या संकेतस्थळानेही २०१८ मध्ये ठरवलं, की पाहुण्याचा फोटो यजमानाला बुकिंग पक्कं झाल्यावरच दिसेल. कारण हेच, चेहरा बघून कुणाला नकार मिळू नये.

नियम वागण्याचे कर आणि सगळ्यांना तेच लाव. प्रत्येक मोठ्या माणसाचं ओळखपत्र बघून रजिस्टरात नोंद; परदेशी पाहुणा असेल तर २४ तासांत त्याची माहिती परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला ऑनलाइन कळव. आधारच्या झेरॉक्स टेबलावर पडू देऊ नकोस हं, पाहुण्यांचीही सुरक्षितता असते. मधल्या दाराला आपल्या बाजूने भक्कम कडी. कॅमेरा फक्त फाटकावर, तोही आधी सांगून. रात्री बाहेरची माणसं खोलीत नाहीत. नियम मोडला तर मात्र कचरू नकोस. शेजाऱ्यांना हाक मार, ११२ लाव.