केसपेपरवर ‘घरी पडून इजा’ लिहिलंय, मग भरपाई मिळेल का?

प्रश्न : माझे मिस्टर चाकणच्या एका कारखान्यात ठेकेदारामार्फत प्रेस ऑपरेटर होते. वय 30, पगार 24 हजार, म्हणून ईएसआय (कामगार विमा) कापत नव्हते. मार्च 2025 मध्ये प्रेसमध्ये उजवा हात सापडून अंगठ्याशेजारची तिन्ही बोटं मुळापासून गेली. कंपनीच्या माणसांनी दवाखान्यात नेलं, बिलही भरलं, पण केसपेपरवर ‘घरी पडून इजा’ असं लिहिलंय. बाजूच्या मशीनवरच्या दोन पोरांनी अपघात पाहिला, सुपरवायझरचे त्या रात्रीचे मेसेजही मोबाईलवर आहेत. अपंगत्वाच्या दाखल्यावर 18 टक्के आहेत. ठेकेदाराने आधी 20 हजार देऊन मिस्टरांची एका कागदावर सही घेतली होती, ते भरपाईतून कापतील का? आता तो म्हणतो, 75 हजार घ्या आणि स्टॅम्पपेपरवर सही करा. आम्ही आता गावी, केज तालुक्यात आहोत. काय करावं?

उत्तर : ताई, सगळ्यात आधी त्या स्टॅम्पपेपरचं बघू. सही करू नका. केली असती तरी कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, 1923 च्या कलम 17 प्रमाणे हक्क सोडून देणारा असा करार रद्दबातलच असतो. तडजोड करायचीच असेल तर ती या कायद्याखालचे दावे ऐकणाऱ्या आयुक्तांकडे नोंदवावी लागते आणि रक्कम अपुरी वाटली तर ते नोंदणी नाकारू शकतात. 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे, पण तुमचा अपघात त्याआधीचा, त्यामुळे तुमचा हक्क जुन्या कायद्यानेच ठरेल.

आता तुमची खरी अडचण, केसपेपर. जखमी माणूस कळवळत असतो, फॉर्म भरताना बोलतो सुपरवायझर. डॉक्टर ऐकलं ते लिहितात. माझ्याकडे येणाऱ्या दर चार-पाच फायलींत एक तरी असा कागद निघतो. तो कागद विरोधात जातो, पण दावा त्याच्यावरच मरत नाही. दवाखान्याकडे लेखी अर्ज करून पूर्ण कागदपत्रं मागा. डॉक्टरांच्या व्यवसाय-नियमांनुसार ती 72 तासांत द्यावी लागतात. ऑपरेशनची नोंद नीट वाचून घ्या. तिन्ही बोटं चेंगरून तुटली, जखमेत ग्रीस होतं असं सर्जननी लिहिलेलं असेल तर ‘घरी पडून’ हे आपोआप खोटं ठरतं. घरात पडून अशी बोटं जात नाहीत, हे कुणीही डॉक्टर साक्षीत सांगेल. त्या दिवसाची हजेरी, बाजूच्या मशीनवरच्या दोन पोरांचे जबाब आणि सुपरवायझरचे त्या रात्रीचे मेसेज जपून ठेवा. मोबाईल बदलू नका. कारखान्याने मोठ्या अपघाताची खबर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला द्यायची असते. ती दिली का, हे माहितीच्या अधिकारात विचारा. दिली असेल तर कंपनीनेच कबुली दिल्यासारखं आहे.

दाखल्यावरच्या 18 टक्क्यांनी घाबरू नका. तो आकडा शरीराच्या अपंगत्वाचा आहे. हा कायदा मोजतो कमावण्याची ताकद किती गेली ते. शिवाय तुमची इजा कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत (शेवटी जोडलेल्या यादीत) छापलेली आहे. एका हाताची तीन बोटं गेली तर 30 टक्के. तिथे हिशोब पेरापेरांचा असतो : तर्जनीचं एक पेर गेलं तर 9 टक्के, दोन गेली तर 11, आख्खी तर्जनी गेली तर 14. म्हणून बोटं नेमकी कुठून कापली गेली हे सर्जनच्या कागदावर स्पष्ट हवं. नुसता दाखला जोडून सहसा भागत नाही, समोरचा वकील आक्षेप घेतो आणि डॉक्टरांना साक्षीला यावं लागतं. ऑपरेशन करणारे डॉक्टर टाळतात (कोर्टाचं नाव काढलं की त्यांना ओपीडी आठवते), तेव्हा आयुक्तांकडून समन्स काढून घ्या. तरीही जमलं नाही तर दुसऱ्या पात्र डॉक्टरांकडून तपासून घेऊन त्यांची साक्ष नोंदवता येते. अपघाताची नोटीस दिल्यावर कंपनीने तीन दिवसांत आपल्या खर्चाने तपासणीला बोलावलं तर मात्र जा. नाही म्हटलं तर तेवढ्या काळापुरता तुमचा हक्क थांबतो. सोबत कुणीतरी जाणतं माणूस न्या.

पैशांचं गणित असं. पगार 24 हजार असला तरी हिशोबाला 15 हजारच धरतात. त्याचे 60 टक्के म्हणजे 9 हजार. वय 30 साठी कायद्यातला गुणक 207.98. गुणाकार 18,71,820 रुपये, आणि त्याचे 30 टक्के 5,61,546 रुपये. ठेकेदाराचे 75 हजार त्याच्यापुढे कुठे आहेत, बघा. महिन्याच्या आत न दिलेल्या रकमेवर 12 टक्के सरळव्याज, आणि विनाकारण अडवली तर 50 टक्क्यांपर्यंत दंड. 30 च्या वर मागायचं का? 1975 साली सर्वोच्च न्यायालयाने डावा हात कोपराच्या वर कापावा लागलेल्या एका सुताराला शंभर टक्के धरलं होतं, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. तुमचे मिस्टर आता कुठलंच पूर्वीचं काम करू शकत नाहीत, असं सिद्ध करता आलं तर मागा. ते सोपं नाही, खात्री देत नाही.

कंपनी आणखी दोन गोष्टी म्हणेल. पहिली, ‘त्यानेच प्रेसचा सेन्सर (हात आत असेल तर मशीन थांबवणारा) बंद केला’. हे तिने सिद्ध करायचं, आणि तेही मुद्दाम केलं असं. नुसती चूक किंवा घाई झाली म्हणून भरपाई जात नाही. उत्पादन वाढवायला सेन्सर कोण बंद करायला लावतं, हे त्या भागातल्या कुठल्याही ऑपरेटरला विचारा. दुसरी, ‘हा आमचा माणूसच नाही, ठेकेदाराचा’. कलम 12 प्रमाणे कारखान्याच्या नेहमीच्या कामावर ठेकेदाराचा माणूस असला तरी मूळ मालक जबाबदार. पैसे द्यावे आणि ठेकेदाराकडून वसूल करत बसावं. अर्जात दोघांनाही सामनेवाले करा.

दाव्यासाठी पुण्याच्या फेऱ्या माराव्या लागणार नाहीत. तुम्ही राहता त्या भागाच्या आयुक्तांकडेही अर्ज करता येतो. मुदत अपघातापासून दोन वर्षं, म्हणजे मार्च 2027. पण साक्षीदार पोरं नोकऱ्या बदलतात, एवढं थांबू नका.

शेवटी तुम्ही विचारलेले ते 20 हजार. औषधोपचारासाठी म्हणून दिलेले पैसे भरपाईतून वजा होत नाहीत. दवाखान्याचं बिलही नाही. ठेकेदाराने सही घेतलेल्या कागदावर ‘उपचारासाठी’ लिहिलंय की ‘भरपाईपोटी’, हे मिस्टरांना नीट आठवायला सांगा आणि त्याची झेरॉक्स मागून घ्या.